‘ठेविले अनंते’ म्हणजे हातावर हात ठेवून बसणं?

आई अतिदक्षता विभागात होती. बाहेरच्या बाकावर एक नातेवाईक मला समजावत होते, “ठेविले अनंते तैसेचि रहावे. आता धावपळ कशाला?” तुकोबांचं हे वचन प्रयत्न सोडायला सांगतं, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तो चुकीचा आहे.

पुढचा अर्धा चरण लोक गाळतात: ‘चित्ती असो द्यावे समाधान’. गोष्ट चित्ताची आहे, हातापायांची नाही. संचिताचा उल्लेख अभंगात आहे, हे खरं. पण त्याच ओळीत तुकोबा म्हणतात की उद्वेग वाहिला तर पदरी दुःखच पडतं. म्हणून शेवटी ते भार देवावर घालतात.

आणि हे लिहिणारा माणूस कोण? १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात ज्याची एक बायको ‘अन्न अन्न’ करत गेली, व्यापार बुडाला, गावात मान राहिला नाही. त्यानंतर त्यांनी देहूचं भंगलेलं देऊळ दुरुस्त करायला घेतलं. हे सगळं त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवलंय.

आषाढी वारीत त्यांची पालखी पुण्याच्या नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी मुक्कामी येते. तिथे पायाच्या फोडांना तेल चोळत बसलेल्या माउली पाहा. भार विठ्ठलावर टाकलाय, तरी उद्या पहाटे चालायचंच आहे.

त्या रात्री बाकावर मी नाम घेत राहिलो. छातीतली धडधड कमी झाली. पहाटे रक्ताच्या पिशवीसाठी रांगेत पहिला उभा होतो.