आईच्या शिदोरीवर किती, स्वतःच्या जनुकांवर किती?

झेनोपस या आफ्रिकन बेडकाचं अंडं फलित झालं की साधारण दीड तासात त्याच्या दोन पेशी होतात. पुढे अर्ध्या-अर्ध्या तासाने संख्या दुप्पट होत जाते. बारा विभाजनांनंतर चारेक हजार पेशींचा गोळा तयार असतो, आणि तोवर गर्भाची स्वतःची जनुकं जवळजवळ गप्पच! सगळा कारभार आईने अंड्यात भरलेल्या आरएनए आणि प्रथिनांच्या शिदोरीवर चालतो. यानंतर जनुकं जागी होतात, हे न्यूपोर्ट आणि कर्शनर या शास्त्रज्ञांनी 1982 मध्ये दाखवलं.

पण कुठलं जनुक जागं व्हायचं, हे ठरवतं कोण? डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. एच3 या हिस्टोनच्या साखळीत चौथ्या जागी असलेल्या लायसीन या अमिनो आम्लावर तीन मिथाइल गट, म्हणजे छोट्या रासायनिक खुणा, दिसल्या तर तिथलं जनुक बहुधा चालू असतं; सत्ताविसाव्या जागच्या लायसीनवर दिसल्या तर बहुधा बंद.

या खुणा शोधायची रीत तशी धसमुसळी आहे. गर्भ फॉर्मॅल्डिहाइडमध्ये टाकून प्रथिनं डीएनएला जागच्या जागी चिकटवायची, ध्वनिलहरींनी त्याचे तुकडे करायचे, नेमक्या खुणेला धरणाऱ्या प्रतिपिंडाने हवे तेवढे तुकडे वेचायचे आणि त्यांचा क्रम वाचायचा. त्यासाठी गर्भ ढिगाने लागतात. बेडकी एका वेळी शेकडो, कधी हजारो अंडी घालते, म्हणून हे जमतं. झेनोपस ट्रॉपिकॅलिस या जातीचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनएचा क्रम, 2010 मध्ये प्रसिद्ध झाल्यामुळे वाचलेला तुकडा डीएनएवर नेमका कुठला, हेही कळू लागलं.

मला सर्वांत आवडतो तो नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या वीनस्ट्रा गटाचा 2015 सालचा प्रयोग. त्यांनी गर्भात अल्फा-अमॅनिटिन हे विषारी अळंबीतलं विष टोचलं. त्याने आरएनए बनवणारं यंत्रच अडतं, म्हणजे गर्भाची जनुकं बोलूच शकत नाहीत. तरीही जनुकांच्या सुरुवातीला असणाऱ्या, एच3च्या चौथ्या जागेवरच्या खुणा बऱ्याच ठिकाणी उमटल्या, विशेषतः जिथे खुद्द डीएनएवर मिथाइल गट कमी होते तिथे. सत्ताविसाव्या जागेवरच्याही पुष्कळ आल्या. म्हणजे आखणी आईचीच! अडलं ते पी300 या प्रथिनाचं. जनुकांपासून लांब असलेल्या, त्यांचा जोर वाढवणाऱ्या बहुतेक जागांवर ते बसण्यासाठी गर्भाची स्वतःची जनुकं चालू असावी लागतात.

हे सगळं सस्तन प्राण्यांना सरसकट लावता येत नाही. उंदराचा गर्भ दोन पेशींचा असतानाच स्वतःची जनुकं जोमाने चालू करतो, आणि डीएनएवरचे बहुतेक मिथाइल गट सुरुवातीच्या दिवसांतच पुसून टाकतो. बेडूक ते पुसत बसत नाही.