शब्दार्थाची वही: पुण्यातल्या इंग्रजी पाठांतरामागचा इतिहास

जून उजाडला की अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकांची झुंबड उडते. घरी आलेल्या गठ्ठ्यातल्या एका वहीवर हमखास ‘शब्दार्थ’ लिहिलं जातं. पानावर दोन उभ्या रेघा, तीन रकाने: स्पेलिंग, उच्चार, अर्थ. या वहीवर पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या. शेकडो शब्द पाठ असूनही चार वाक्यं बोलताना अडखळणं हेही याच वहीतून आलं. दोष शिकणाऱ्यांचा नाही. ही वही कशी घडली हे पाहिलं की कारण कळतं.

पेशवाई बुडाल्यावर तीन वर्षांनी, ६ ऑक्टोबर १८२१ रोजी, विश्रामबागवाड्यात सरकारी पाठशाळा उघडली. तिथे शिकवायचे ते संस्कृत शास्त्रं. इंग्रजी नंतर आली. १८५१ मध्ये ही पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झालं आणि १८६४ मध्ये त्याला डेक्कन कॉलेज हे नाव मिळालं. पाठशाळेची सूत्रं काही काळ थॉमस कँडी यांच्याकडे होती. मराठीत विरामचिन्हं रूढ करण्याचं श्रेय ज्यांना देतात तेच हे कँडी. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये आली. कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा.

मोल्सवर्थचा कोश मराठी समजून घेऊ पाहणाऱ्या इंग्रजांसाठी होता, म्हणून त्यात मराठी म्हणी आणि वाक्प्रचार भरभरून आहेत. उलट दिशेने, मराठी मुलाला इंग्रजी बोलायला लागणारे तयार तुकडे गोळा करण्याचं काम तेव्हा कुणाच्या अजेंड्यावर नव्हतं. मुलांच्या हाती आला तो शब्दासमोर शब्द.

आणि इंग्रजीची ओढ तर सगळीकडून होती. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचं कळकळीचं आवाहन केलं. १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर इंग्रजीचं ‘वाघिणीचं दूध’ हे वर्णन आजही सांगतात. पण बहुतेक घरांत इंग्रजी कानावर पडण्याची सोयच नव्हती. जे काही शिकायचं ते पुस्तकातून. त्यात १८५९ पासून मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक आली आणि तिथे कस लागायचा तो कागदावर. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरोघरी पोहोचली ती यामुळेच: धड्यात शब्द, नियम आणि मग दोन्ही दिशांनी भाषांतराला वाक्यं. व्याकरण पक्कं करायला ती आजही उपयोगी आहे. पण तिच्यासोबत एक समज रुजला, की मराठी वाक्यातल्या प्रत्येक शब्दाला इंग्रजी जोडीदार असतो.

तो समज कुठे फसतो, ते एका क्रियापदात बघा. ‘काढणे’. चपला काढायच्या तर ‘टेक ऑफ’, फोटो काढायचा तर नुसतं ‘टेक’. चित्र काढायला ‘ड्रॉ’, बँकेतून पैसे काढायला ‘विथड्रॉ’, तिकीट काढायला ‘बाय’ किंवा ‘बुक’, जुना विषय काढायला ‘ब्रिंग अप’. वहीत ‘रिमूव्ह = काढणे’ एवढंच असेल तर यातलं जेमतेम चपलांपुरतं निभेल. ‘परीक्षा देणे’चं ‘गिव्ह’ होतं, प्रत्यक्षात विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो. चूक ‘डू’ करत नाहीत, ‘मेक’ करतात. दिवा ‘क्लोज’ होत नाही, ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ होतो. निघताना ‘येतो’ म्हणायची आपली रीत इतकी गोड, पण ‘आय ॲम कमिंग’ म्हणून दाराबाहेर पडलात तर समोरचा तुमची वाट बघत बसेल.

या अडचणीवर विसाव्या शतकात बरंच काम झालं. बंगालमध्ये शिकवलेल्या मायकल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २,००० नेहमीच्या शब्दांची यादी काढली आणि कुठला अर्थ किती वेळा येतो हेही नोंदवलं. ए. एस. हॉर्नबी यांचा कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला. क्रियापदामागे वाक्य कसं रचायचं हे त्यात दिलं होतं. १९८७ च्या कोबिल्ड कोशाने प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचा साठा तपासून अर्थच अख्ख्या वाक्यात सांगितला. आपल्याकडे मात्र चर्चा इयत्तेपाशी अडकली: आधी आठवीपासून, मग पाचवीपासून आणि २००० पासून पहिलीपासून. इयत्ता बदलली, वही तीच राहिली.

उच्चाराच्या रकान्याचंही पाहायला हवं. ‘बॅट’मधला ॲ आणि ‘बॉल’मधला ऑ देवनागरीत छान लिहिता येतो, ‘व’ आणि ‘व्ह’ वेगळे दाखवता येतात. आघात मात्र कागदावर उतरत नाही. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, ‘फोटोग्राफर’मध्ये तो ‘टो’च्या जागी सरकतो आणि त्या जागचा स्वर ‘टॉ’सारखा होतो. जोराच्या अक्षराखाली रेघ मारा, तेवढ्याने काम होतं.

वही टाकून द्यायची गरज नाही, तिची मांडणी बदलायची. अर्थाचा रकाना तळहाताने झाकून म्हणून बघण्याने इंग्रजीवरून मराठी आठवते, बोलताना लागतं ते नेमकं उलट. शिवाय पानावरचा क्रमच आधाराला येतो. ‘अँकल’ (घोटा) आठवतो तो ‘एल्बो’नंतर आहे म्हणून. त्यासाठी सुटी कार्डं बरी. पुढच्या बाजूला प्रसंगातलं मराठी वाक्य लिहा: ‘मला स्वारगेटला उतरायचंय.’ मागे पूर्ण इंग्रजी वाक्य आणि त्यातल्या ‘गेट ऑफ’खाली रेघ. उलटण्याआधी मोठ्याने म्हणायचं.

कार्डांसाठी पाच कप्पे करा. ही युक्ती जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडली. पहिला कप्पा रोज बघायचा, पुढचे चार अनुक्रमे दोन, चार, आठ आणि सोळा दिवसांनी. जमलं की कार्ड पुढे, चुकलं की पहिल्या कप्प्यात परत. बहुतेकांचं बिघडतं ते सुरुवातीच्या उत्साहात. रोज ६ नवी कार्डं घातली तर कप्पे भरल्यावर दिवसाला सरासरी ३० कार्डं समोर येतात, चुकलेली धरून पस्तीस-चाळीस. पंधरा मिनिटांत होतात. रोज २० घातली तर हाच आकडा शंभरापलीकडे जातो आणि तिसऱ्या आठवड्यात डबा कपाटावर जातो. मागे पडलात तर नवी कार्डं आठवडाभर थांबवा, जुनी मात्र एकही दिवस चुकवू नका.