जुन्या पिकअपला मागे डिस्क ब्रेकचा एक्सल : काम देण्याआधी हे वाचा

ग्राहक मित्रहो,

हल्ली आठवड्यातून एखादा तरी फोन येतोच : "मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. जुन्या पिकअपचा मागचा ड्रमवाला एक्सल काढला, दुसऱ्या गाडीचा डिस्कवाला बसवला, संध्याकाळी गाडी रस्त्यावर. आपल्या गाडीला किती खर्च येईल?" गाडी पाहिल्याशिवाय आम्ही आकडा सांगत नाही. पण या कामात नेमकं काय करावं लागतं, घोडं कुठे अडतं आणि कोणत्या गाडीला आम्ही हे काम करत नाही, ते इथे लिहून दिलं आहे. वाचून झाल्यावरही करायचंच असेल तर जरूर या.

आधी ड्रम उघडू

"मागचे ब्रेक धरत नाहीत" म्हणून येणाऱ्या बहुतेक गाड्यांत दोष ड्रमचा नसतो, देखभालीचा असतो. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा, आतले लायनर (घासणाऱ्या पट्ट्या) त्याला आतून दाबून धरतात; डिस्कमध्ये फिरत्या चकतीला कॅलिपर दोन्ही बाजूंनी पॅडने पकडतो. चाक काढून ड्रम उतरवला की पाच मिनिटांत चित्र कळतं. लायनर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबरी टोपण बोटाने उचललं आणि आतून ब्रेक ऑइलचा थेंब ओघळला, तर आतले रबरी कप (सील) गेले. लायनर काळं, तुकतुकीत दिसत असेल आणि गिअर ऑइलचा वास येत असेल, तर हबचं ऑइल सील गेलं. असं तेल प्यायलेलं लायनर घासून पुन्हा बसवू नका, गरम झालं की ते परत तेल सोडतं. ड्रमच्या कडेला नखाला लागेल असा काठ तयार झाला असेल, तर तो टर्निंगला तरी द्यावा लागतो किंवा फेकावा लागतो. जास्तीत जास्त किती व्यासापर्यंत चालेल, तो आकडा बहुतेक ड्रमवर ओतलेलाच असतो. अ‍ॅडजस्टरची दातेरी चकती गंजून बसलेली असणं तर नेहमीचंच. मग लायनर आणि ड्रममधली फट वाढते, पेडल खाली जातं आणि दोष येतो ड्रमवर.

यापेक्षा मोठा, आणि कुणाच्या लक्षात न येणारा प्रकार म्हणजे एलएसपीव्ही. पुष्कळ पिकअपच्या चासिसला मागच्या एक्सलजवळ हा छोटा व्हॉल्व्ह असतो आणि त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. हौद्यात माल भरला की चासिस खाली बसते, दांडी फिरते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त प्रेशर सोडतो. गाडी रिकामी असली की प्रेशर कमी करतो, म्हणजे मागची चाकं जाम होऊन गाडी फिरत नाही. आता आपल्याकडे काय होतं? माल जास्त नेता यावा म्हणून मालक मागे एक-दोन पाटे (लीफ स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवतो. पाटे वाढले की चासिस उचलली जाते. पूर्ण माल भरला तरी ती पूर्वीइतकी खाली बसत नाही. व्हॉल्व्ह समजतो गाडी रिकामी आहे, आणि मागचं प्रेशर तोडतो. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, पुढचे पॅड लवकर संपतात, घाटात पुढची चाकं तापून वास येतो. अशा गाडीला मागे डिस्क बसवली तरी काही फरक पडणार नाही, कारण प्रेशर मागे पोचतच नाही. दांडी नीट सेट केली की कित्येक मालकांचा डिस्कचा विचार तिथेच मिटतो. पाटे मुळात पासिंगच्या वजनापुरतेच ठेवावेत, हे वेगळं सांगायला नको.

काही ठिकाणी हा व्हॉल्व्ह "कटकट नको" म्हणून काढून पाइप सरळ जोडून देतात. तुमच्या गाडीला तसं केलेलं असेल तर कृपया आम्हाला आधी सांगा. पावसात रिकाम्या गाडीने जोरात ब्रेक मारला तर अशा गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो.

व्हिडिओतली गाडी कोणती आणि ती इतकी सोपी का

तुम्ही पाहिलेला व्हिडिओ बहुधा फोर्ड रेंजरचा असतो. अमेरिकेत हे काम इतक्या लोकांनी केलं आहे की त्याची वाट मळून गेली आहे. जुनी रेंजर ही छोटी पिकअप, मागे ड्रम. एक्सप्लोरर ही त्याच कंपनीची एसयूव्ही, पहिली एक्सप्लोरर रेंजरच्याच पायावर उभी केलेली. १९९५ ते २००१ च्या एक्सप्लोररला मागे सलग हाऊसिंगचा एक्सल आणि डिस्क ब्रेक असे दोन्ही मिळतात. तिच्या क्राऊनचा (एक्सलमधल्या मोठ्या गिअरचा) व्यास ८.८ इंच, एक्सल शाफ्टला ३१ दाते. लहान इंजिनाच्या रेंजरला साडेसात इंची क्राऊन असते, म्हणजे ब्रेकबरोबर एक्सलही दणकट होतो. दोन्ही गाड्यांना पाचच नट आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यासही एकच, साडेचार इंच. १९९३ नंतरच्या रेंजरपेक्षा हा एक्सल जेमतेम एक इंच रुंद. भंगारात एक्सप्लोरर मुबलक.

इतकं सगळं जुळूनही तिथे वेल्डिंग चुकत नाही. रेंजरमध्ये पाटे एक्सलच्या वरून जातात, एक्सप्लोररमध्ये खालून. म्हणून एक्सलवरच्या पाट्यांच्या बैठका कापून दुसऱ्या बाजूला नव्या लावाव्या लागतात. एक्सप्लोररच्या हाऊसिंगची नळी जाड, त्यामुळे यू-बोल्ट नवे. प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सची ताकद एक्सलला नेणाऱ्या दांड्याचा) फ्लँज जुळला नाही तर तोही बदलायचा, हँडब्रेकची केबल जुळवायची, ब्रेकचे पाइप नव्याने वळवायचे. व्हिडिओत हे सगळं दहा मिनिटांत उरकतं, कारण कापाकापीचा भाग कोणी पूर्ण दाखवत नाही.

आपल्याकडच्या गाड्यांचं गणित वेगळं

आपल्याकडे अशी तयार जोडी नाही. मागे सलग एक्सल आणि त्यावर डिस्क हवी, तर नजर जाते टाटा सफारी स्टॉर्मसारख्या एसयूव्हीकडे, किंवा अगदी अलीकडच्या स्कॉर्पिओ-एनकडे. या गाड्या मागे कॉइल स्प्रिंगवर आणि लिंकवर उभ्या असतात, पाट्यांवर नाही. म्हणजे त्यांच्या एक्सलवरचे सगळे ब्रॅकेट कापा, पाट्यांच्या बैठका लावा, शॉकअपचे कान लावा, एलएसपीव्हीच्या दांडीला जागा करा. हे सगळं होऊ शकतं. पण याहून मोठा प्रश्न वजनाचा आहे.

एसयूव्हीचा एक्सल माणसं आणि सामानाच्या हिशोबाने बनवलेला असतो. मालवाहू पिकअप टनाच्या वर माल घेते. तुमच्या गाडीच्या मागच्या चाकाच्या मधोमध बाहेर आलेली गोल टोपी आणि तिच्याभोवती बोल्ट दिसत असतील, तर तो फुल फ्लोटिंग एक्सल आहे. त्यात गाडीचं वजन हाऊसिंगवर बसलेल्या हबवर असतं, शाफ्ट फक्त चाक फिरवतो. चाक जमिनीवर असताना शाफ्ट ओढून बाहेर काढता येतो, गाडी तशीच उभी राहते. एसयूव्हीचा असतो सेमी फ्लोटिंग. त्यात वजनही शाफ्टवर आणि फिरवणंही शाफ्टवर. असा शाफ्ट भरल्या गाडीत मोडला तर शाफ्टसकट चाक बाहेर निघू शकतं. म्हणून माल वाहणाऱ्या पिकअपला एसयूव्हीचा एक्सल आम्ही बसवत नाही. कितीही आग्रह केला तरी उत्तर बदलणार नाही, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तर जाऊ दे.

गाडी फोर-व्हील असेल तर क्राऊन-पिनियनचा (पिनियन म्हणजे क्राऊनला फिरवणारा छोटा गिअर) रेशो पुढच्या एक्सलशी तंतोतंत जुळायला हवा. नाहीतर फोर-व्हील लावल्यावर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचे) दात जातात. एबीएस असलेल्या गाडीला आम्ही हे काम करतच नाही.

वेल्डिंग कसं होतं ते डोळ्यांनी बघा

हे काम चालू असताना ग्राहकाने समोर उभं राहावं असं आम्हाला वाटतं. नव्या बैठका आधी सुट्या ठेवून एक्सल पाट्यांखाली धरायचा, यू-बोल्ट हलके आवळायचे आणि गाडी चाकांवर उतरवायची. पाट्यांवर खरं वजन आल्याशिवाय पिनियनचा कोन कळत नाही. गिअरबॉक्समधून येणारी रेषा आणि पिनियनची रेषा समांतर हवी. तीत फरक राहिला तर ठरावीक वेगाला गाडीच्या बुडाखाली घरघर सुरू होते आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (टोकांचे सांधे) वारंवार जातात. कोन जमला की वेल्डिंगचे फक्त टाके मारायचे. मग एक्सल पुन्हा खाली काढून शाफ्ट, बेअरिंग आणि सील बाहेर काढायचे, आणि डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, मध्ये थंड होऊ देत पूर्ण वेल्डिंग करायचं. एका दमात ओढलेल्या वेल्डिंगने हाऊसिंगची नळी वाकते. डोळ्यांना दिसत नाही, पण टायर एका बाजूने झिजू लागले की समजतं. गाडीखाली झोपून, एक्सल जागेवरच ठेवून कोणी वेल्डिंग करत असेल तर काम थांबवायला सांगा.

एक्सल बसला म्हणजे ब्रेक झाले असं नाही

ड्रममधला एक लायनर चाकाच्या फिरण्याने आपोआप ड्रममध्ये ओढला जातो, त्यामुळे थोड्या प्रेशरवरही तो जोरात धरतो. डिस्कला ही मदत नाही, तिला प्रेशर जास्त लागतं. शिवाय कॅलिपरचा पिस्टन व्हील सिलिंडरपेक्षा खूप मोठा असतो, म्हणजे ऑइलही जास्त लागतं. जुना मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाणारा मुख्य ब्रेक पंप) तसाच ठेवला तर पेडल खोल जाऊ शकतं. मोठ्या बोअरचा टाकला तर पेडल वर येतं पण कडक होतं, मग बूस्टरकडे (पायाच्या जोराला मदत करणाऱ्या भागाकडे) बघावं लागतं. काही जुन्या गाड्यांत ड्रमच्या लाइनमध्ये थोडं प्रेशर अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो राहून गेला तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतात. एलएसपीव्ही ड्रमच्या हिशोबाने बनवलेला असतो, तोही नव्याने बसवून, रिकाम्या आणि भरल्या अशा दोन्ही गाडीवर तपासावा लागतो.

एअर काढताना एक बारीक गोष्ट बघा. कॅलिपरचा निपल (हवा बाहेर सोडणारा स्क्रू) वरच्या टोकाला हवा. डावा कॅलिपर उजवीकडे लागला तर निपल खाली येतो, हवा वर अडकते, आणि दिवसभर पंप मारला तरी पेडल स्पंजासारखंच राहतं. रिमच्या आत कॅलिपरला जागा आहे का तेही आधीच मोजावं. लहान रिम असेल तर नवीन रिम-टायरचा खर्च धरूनच ठरवा.

हँडब्रेक

भरली गाडी कसारा घाटाच्या चढावर उभी करायची असेल तर ड्रमच्या हँडब्रेकला तोड नाही. डिस्कच्या एक्सलला दोन प्रकार येतात : डिस्कच्या पोटात वेगळे छोटे लायनर, किंवा कॅलिपरचाच पिस्टन ओढणारा लिव्हर. आम्ही पहिला प्रकार असलेलाच एक्सल घेतो. तोही मालासाठी नाही, रिकाम्या किंवा हलक्या गाडीसाठी ठीक. केबलची लांबी जुळवून, पासिंगच्या चाचणीला टिकेल इतका हँडब्रेक धरल्याशिवाय गाडी आमच्याकडून बाहेर पडत नाही.

मग डिस्कचा फायदा कुणाला?

फायदा आहे. पाण्यातून गाडी काढल्यावर ड्रममध्ये पाणी साचतं आणि पुढचे काही ब्रेक फुकट जातात. डिस्क लगेच कोरडी होते. लांब उतारावर ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून दूर जातो, डिस्क तापली तर पॅडकडेच सरकते. चिखलात, नदीपात्रात खेळणाऱ्या ऑफरोड गाड्यांना, शेताच्या आत फिरणाऱ्या हलक्या पिकअपला हे काम शोभतं. भाजी घेऊन रोज वाशीला जाणाऱ्या गाडीला नाही. तिला चांगले ड्रम, ताजं ऑइल आणि उतारावर खालचा गिअर हेच उपयोगाचं. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलावं. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि तापल्यावर त्याच पाण्याची वाफ होऊन पेडल तळाला जातं.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडकपणे वाचलं आहे. दुसऱ्या मॉडेलचा एक्सल टाकलेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी बोट ठेवायला जागा शोधणारच. म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी आधी आरटीओत विचारून लेखी परवानगी आणा, मगच आम्ही हात लावू. जुना एक्सल घेताना भंगारवाल्याकडून पक्कं बिल घ्या. ज्या गाडीचा तो एक्सल आहे तिचा नंबर त्यावर हवा.

गाडी ताब्यात घेतल्यावर

नवे पॅड बसायला वेळ द्या. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम जोराने वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, मग थोडं अंतर ब्रेक न लावता गाडी थंड होऊ द्या. सुमारे ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायला गाडी घेऊन या. त्याचे पैसे लागत नाहीत. पाटे आणि नव्या बैठका दबून बसल्या की बोल्ट हमखास सैल होतात. वेल्डिंगवरचा रंग त्याच वेळी बघतो, रंगाला बारीक तडा दिसला तर खालचं लोखंड तपासावं लागतं.

पहिल्यांदा गाडी दाखवायला येताना हौदा रिकामा ठेवा, आरसी आणि फिटनेसचा कागद सोबत आणा, आणि नेहमी किती वजन भरता ते खरं सांगा.