औषधांचा कचरा काउंटरवरच कमी होतो

घरातल्या औषधांच्या डब्यात साठलेल्या गोळ्यांपैकी बऱ्याचशा विकत घेतानाच जास्त घेतलेल्या असतात. डॉक्टरांनी तीन दिवसांच्या सहा गोळ्या लिहून दिल्या आणि मेडिकलमधून दहाची अख्खी स्ट्रिप आली, की चार गोळ्या त्याच दिवशी उरल्या. म्हणून या कचऱ्यावरचा पहिला इलाज फार्मासिस्टच्या हातात आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

साधं स्ट्रिप कापणंच घ्या. बॅच नंबर आणि एक्स्पायरी बहुतेकदा एकाच टोकाला छापलेली असते. ते टोक दुकानात राहिलं, तर आपल्या हातात आलेल्या तुकड्यावर कधीकधी औषधाचं नावसुद्धा पूर्ण नसतं. दोन महिन्यांनी ती गोळी कसली हेच कळत नाही आणि मुदतीत असूनही ती फेकावी लागते. नाव आणि एक्स्पायरी पाकिटावर लिहून देणारा फार्मासिस्ट हे टाळतो. बीपी-शुगरच्या रुग्णाला दोन डॉक्टरांनी एकच औषध वेगवेगळ्या ब्रँडने लिहून दिलंय, हेही पुष्कळदा फार्मासिस्टच्याच लक्षात येतं. अँटिबायोटिक मात्र चिठ्ठीत लिहिलंय तेवढंच, पुरतं घ्यायचं. तिथे काटकसर नको.

नाल्यात गेलेलं औषध काय करतं? कॅनडातल्या एका प्रायोगिक तळ्यात संशोधकांनी 2001 ते 2003 या काळात गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-संप्रेरक, सोडलं. प्रमाण होतं लिटरमागे जेमतेम 5 ते 6 नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग). फॅटहेड मिनो या छोट्या माशांच्या नरांमध्ये मादीची लक्षणं दिसू लागली आणि त्या तळ्यातून ही जात जवळजवळ नाहीशी झाली. सांडपाण्यातलं बरंचसं औषध मलमूत्रावाटे येतं, ते थांबवणं अवघड आहे. टाकून दिलेलं औषध तरी तिथे जाऊ नये.

दुकानातला एक्स्पायरी माल वितरकाकडे परत जातो. घरातल्या औषधांना आपल्याकडे तशी सरळ वाट नाही, जरी 2016 च्या घनकचरा नियमांत मुदतबाह्य औषधं ‘घरगुती घातक कचरा’ म्हणून नोंदलेली होती. फ्रान्समध्ये अशी औषधं फुकट परत घेणं प्रत्येक औषध दुकानावर कायद्याने बंधनकारक आहे. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने 2025 मध्ये कोझिकोडपासून ‘एनप्राउड’ हा उपक्रम सुरू केला. त्यात घरातली औषधं गोळा करून शास्त्रीय पद्धतीने जाळली जातात. महाराष्ट्रात हे व्हायलाच हवं, आणि औषधं जमा करायची पेटी ठेवायला नाक्यावरच्या मेडिकलइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

तोवर मुदतबाह्य औषधं वेगळ्या पिशवीत ठेवा आणि जवळ कुठे जमा करता येतील ते फार्मासिस्टला विचारा. अंगणात जाळू नका. प्लॅस्टिकच्या स्ट्रिपचा धूर विषारी असतो. मॉर्फिन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल ही तीव्र वेदनाशामकं धरून 17 औषधं मात्र घरात राहिली तर एखाद्याच्या जिवावर बेतू शकतात, म्हणून ती संडासात फ्लश करावीत असं केंद्रीय औषध नियंत्रकांच्या 2025 च्या मार्गदर्शिकेत सांगितलं आहे. कर्करुग्णाच्या घरी अशी औषधं देतानाच फार्मासिस्टने हे समजावून सांगायला हवं.