वाकायचे कुणापुढे? नागपूरच्या दीक्षेमागची एकवीस वर्षे

सप्टेंबर १९५६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कुशीनगरच्या भदंत चंद्रमणी महास्थविरांना पत्र लिहिले. मूळचे ब्रह्मदेशातले हे भिक्खू तेव्हा ऐंशीच्या घरात होते. भारतातले सर्वांत वयोवृद्ध भिक्खू आपण आहात, तेव्हा बौद्ध धम्माची दीक्षा आपल्याच हातून व्हावी, असा त्या पत्राचा आशय होता. आधी संघरक्षित या इंग्रज भिक्खूंनीही बाबासाहेबांना हेच सुचवले होते. संघरक्षितांची स्वतःची श्रामणेर, म्हणजे नवशिक्या भिक्खूची, दीक्षा चंद्रमणींकडूनच झाली होती. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळवलेल्या, घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद सांभाळलेल्या माणसाने आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या निर्णयाच्या वेळी स्वतःहून वयाने आणि शीलाने मोठा असलेला माणूस शोधला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, नागपूरच्या व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानावर बाबासाहेब आणि त्यांच्या पत्नी माईसाहेब यांनी चंद्रमणींकडून त्रिशरण-पंचशील (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणे आणि पाच शीलांचे व्रत) घेतले, बुद्धमूर्तीसमोर तीनदा वाकून वंदन केले आणि पांढरी कमळे वाहिली.

दीक्षेच्या इतिहासात या वाकण्याकडे फारसे कुणी थांबून पाहत नाही. पुढचा अथांग जनसमुदाय, बावीस प्रतिज्ञा आणि त्यानंतरचे राजकारण यांचीच चर्चा होते. मला मात्र सगळा प्रश्न इथे एकवटलेला दिसतो. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या वाकायला लावले, त्याला ‘नम्र व्हा’ असे सांगायचा अधिकार कुणाला आहे? आणि नम्रतेशिवाय काही शिकता येत नसेल, तर ती आणायची कुठून?

विदर्भात या प्रश्नाचे जुने उत्तर चोखोबांच्या नावाशी जोडलेले होते. परंपरेने त्यांचा जन्म मेहुणाराजाचा, म्हणजे आजच्या बुलढाणा जिल्ह्यातला. त्यांची समाधी पंढरपुरात आहे, विठ्ठलाच्या मंदिरासमोर आणि महाद्वाराच्या बाहेर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर भागात किसन फागू बनसोड यांच्यासारखे कार्यकर्ते याच वारशाच्या आधाराने समाज जागा करत होते. जाईबाई चौधरी यांनी १९२२ मध्ये नागपुरात मुलींसाठी काढलेल्या शाळेलाही चोखामेळ्याचेच नाव होते. भक्तीने माणूस आतून बदलतो, हे या पिढीला मान्य होते. अडचण दुसरीकडे होती. पायरीवरचा माणूस कितीही शुद्ध झाला, तरी गाभाऱ्यातल्यांना बदलण्याची गरज वाटत नव्हती. नम्रता एकट्यानेच पाळायची असेल, तर ती लाचारीच्या फार जवळ जाऊन बसते.

नागपूर तोवर या चळवळीचे ठाणे झाले होते. १९२० मध्ये शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली इथे अस्पृश्यांची परिषद भरली आणि तरुण आंबेडकर तिथे बोलले. जुलै १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापनाही याच शहरात झाली. एम्प्रेस मिलमध्ये काम करणारा, हातमागाची परंपरा असलेला आणि गावकीच्या कामांतून सुटलेला मोठा कामगारवर्ग इथे होता. गावातल्या पाटलाची भीती नसलेला माणूस धर्माबद्दलही मोकळेपणाने विचार करू शकतो. हे कारण फार कमी वेळा सांगितले जाते.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. तिथून नागपूरपर्यंत एकवीस वर्षे गेली. काहींनी त्याला राजकीय डावपेच म्हटले आणि त्यात थोडे तथ्य असेलही. मधल्या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, पुढे कायदामंत्री झाले. पण त्या वर्षांचा अभ्यास पाहिला की वेगळे चित्र दिसते. ख्रिस्ती, मुस्लिम आणि शीख पुढाऱ्यांची निमंत्रणे आली. एप्रिल १९३६ मध्ये ते अमृतसरच्या शीख परिषदेला गेले. मे १९३६ मध्ये मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी धर्मांतराची कारणे सविस्तर मांडली. बुद्धाशी ओळख याच्याही आधीची होती. १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर झालेल्या सत्काराच्या वेळी कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले होते. घरात वडिलांचा कबीरपंथ होता. पुढे बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू, असे त्यांनी सांगितले. ‘मी स्वयंभू’ असे म्हणण्याची मुभा ज्याला सहज मिळाली असती, त्याने आपले गुरू मोजून सांगावेत, हे मला महत्त्वाचे वाटते.

१९५० मध्ये ते श्रीलंकेला गेले आणि १९५४ मध्ये रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला. बौद्ध देशांत धर्म प्रत्यक्षात कसा जगला जातो, हे त्यांना बघायचे होते. सगळे पसंत पडले असे नाही. भिक्खू हा समाजसेवक आहे की केवळ स्वतःला परिपूर्ण करणारा माणूस, हा प्रश्न त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत उघडपणे विचारला. ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये आला. त्यात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून म्हातारा, आजारी आणि प्रेत ही पारंपरिक कथा त्यांनी नाकारली. शाक्य आणि कोलिय या कुळांमधला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला. परंपरेत वाढलेल्या अनेक बौद्ध अभ्यासकांना हे खटकले. पण ऐकीव आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो एवढ्यावरून काही मान्य करू नका, हा कालाम नावाच्या लोकांना केलेला उपदेश बुद्धाचाच आहे. बाबासाहेबांची नम्रता त्या उपदेशाला धरून होती.

दीक्षेच्या दिवशी नम्रतेचा आणि स्वतंत्र विचाराचा हे दोन्ही धागे काही मिनिटांच्या अंतराने दिसले. चंद्रमणींसमोर वाकल्यानंतर बाबासाहेब स्वतः उभे राहिले आणि समोरच्या लाखो लोकांना त्यांनीच त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. उपासकाने, म्हणजे भिक्खू नसलेल्या गृहस्थाने, उपासकांना दीक्षा देणे ही थेरवादी, म्हणजे श्रीलंका-ब्रह्मदेशातल्या जुन्या बौद्ध परंपरेची, रीत नव्हे. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांनीही याच सोहळ्यात दीक्षा घेतली.

पहिल्या प्रतिज्ञा जुन्या देवांना आणि कर्मकांडांना नकार देणाऱ्या असल्याने वाद त्यांच्यावरच होतो. नंतरच्या प्रतिज्ञा वाचल्या की त्या रोजच्या वागणुकीच्या निघतात: अष्टांगिक मार्ग, दहा पारमिता म्हणजे सद्गुण, प्राणिमात्रांवर दया, चोरी नाही, खोटे नाही, दारू नाही. दीक्षेनंतर अनेक घरांतले देव नदीत, विहिरीत सोडले गेले. ते एका दिवसात होण्यासारखे होते. दारूची प्रतिज्ञा रोज संध्याकाळी नव्याने पाळावी लागते. दुसऱ्या दिवशीच्या, १५ ऑक्टोबरच्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूरच का निवडले याचे उत्तर देताना नागलोकांचा आणि नाग नदीचा उल्लेख केला, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे मुख्यालय इथे आहे म्हणून हे शहर निवडले हा तर्क खोडून काढला आणि मग जबाबदारीकडे वळले. आपल्या वागण्याने या धम्माला कमीपणा येऊ नये, हा त्यांचा इशारा होता. टाळ्या मात्र नागलोकांच्या मुद्द्याला जास्त मिळाल्या असतील, असा माझा अंदाज.

६ डिसेंबर १९५६ रोजी संघरक्षित नागपुरात पोचले आणि त्याच दिवशी दिल्लीहून बाबासाहेबांच्या निधनाची बातमी आली. त्या रात्री कस्तुरचंद पार्कवर शोकसभा झाली. नवदीक्षितांच्या हातात जेमतेम सात आठवड्यांचा धर्म होता आणि शिकवणारा गेला होता. पुढचे शिक्षण बाहेरून आलेल्यांनी आणि वस्तीतल्यांनी मिळून केले. भदंत आनंद कौसल्यायन यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हिंदीत आणला आणि आयुष्याचा शेवटचा काळ नागपुरात काढला. जपानहून आलेले सुरई ससाई नागपूरच्या इंदोरा वस्तीत स्थिरावले. ज्या समाजाने नुकतेच पुरोहिताला नाकारले होते, त्याने परक्या देशांतल्या भिक्खूंपुढे पाली गाथा घोकल्या, उच्चार चुकले तर पुन्हा म्हटल्या.

त्या गाथांमधल्या विधीचे स्वरूपही पाहण्यासारखे आहे. पंचशील भिक्खू आपणहून लादत नाहीत. उपासक ते तीनदा मागतो आणि मगच ते दिले जाते. नागपूरच्या विहारांत आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासात म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाच्या काळात, बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन चालते. एक वाचतो, बाकीचे ऐकतात, मग प्रश्न निघतात.

यातले सर्वांत अवघड वळण श्रामणेर शिबिरांचे. नोकरी-धंदा करणारी माणसे काही दिवसांसाठी मुंडण करतात, चीवर घालतात आणि भिक्षापात्र हातात घेतात. गावकीच्या काळात घरोघरची शिळी भाकर हा महारवाड्यावर लादलेला मोबदला होता आणि तो सोडण्यासाठी आजोबा-पणजोबांनी मार खाल्ला. काही वडीलधाऱ्यांना नातवाच्या हातातले पात्र बघवत नाही आणि त्यांचा सल समजण्यासारखा आहे. शिबिरातली माणसे म्हणतात की तेव्हा नाही म्हणता येत नव्हते, आता येते. मला दोघांचेही पटते. हा वाद मिटलेला नाही. दीक्षाभूमीच्या स्तूपाचे लोकार्पण २००१ मध्ये झाले तरी त्याभोवतीच्या पुस्तकांच्या दुकानांत आणि वस्तीतल्या विहारांत तो चालूच आहे.