मीठ नाही म्हणून क्रिओल मसाला बेचव? मुळीच नाही

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या क्रिओल मसाल्याबद्दल एक समज पक्का बसला आहे: त्यातलं मीठ काढलं की चवही गेली. याचं मूळ बाजारातल्या डब्यांत आहे. अनेक तयार मसाल्यांच्या घटकांत पहिलं नाव मिठाचंच असतं. मग क्रिओल म्हणजे खारट-तिखट, असं जिभेला वाटू लागतं.

पण गम्बोची, म्हणजे तिथल्या दाटसर रश्शाची, चव उभी राहते ती कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची या त्रिकुटावर, आणि मंद आचेवर तेलात चॉकलेटी होईपर्यंत परतलेल्या मैद्यावर. त्यात पॅप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड), लसूण, केयेन मिरची, काळी-पांढरी मिरी, थाइम आणि ओरेगॅनोची भर पडते. मीठ नसल्याने हा मसाला सढळ हाताने घालता येतो, हे मला फार मोलाचं वाटतं. कांदा मऊ झाला की मसाला तेलात क्षणभरच परता, पॅप्रिका लगेच करपते. शेवटी लिंबू पिळा.

मात्र गम्बोत पडणारं आंदुई (धुरावलेलं मसालेदार) सॉसेज आणि तयार स्टॉक (मांस-भाज्या उकळून काढलेलं पाणी) यांमध्ये मीठ भरपूर असतं. मसाला बदलला म्हणून पदार्थ बिनमिठाचा होत नाही. काही मीठविरहित डब्यांत पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका.