६४१ ने भाग जातो तो असा

पहिल्या पाच वेळा खरं ठरलं की तो नियमच असं आपण पटकन धरून चालतो. ही समजूत पार मोडीत काढणारी माझी लाडकी संख्या म्हणजे ४२९४९६७२९७, चार अब्जांच्या वरची.

२ चा ३२ वा घात करून त्यात १ मिळवला की ही येते. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये बघितलं की घात १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत नेला आणि दरवेळी १ मिळवला तर ३, ५, १७, २५७, ६५५३७ येतात आणि पाचही मूळ संख्या आहेत, मग पुढच्याही सगळ्या मूळच असणार असं त्याचं पक्कं मत झालं. पण १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने दाखवलं की लगेच पुढचीच संख्या ६४१ × ६७००४१७ आहे!

आता कॉम्प्युटर नसताना हे ६४१ शोधायचं कसं, कारण वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्याच साडेसहा हजार आहेत, तेवढे भागाकार कोण करत बसणार. ऑयलरने पुढे यावर जी वाट काढली ती मला फार आवडते. समजा 'प' या मूळ संख्येने भाग जातो. म्हणजे २ च्या ३२ व्या घाताला प ने भागलं की बाकी उणे १ (म्हणजे १ मिळवला की पूर्ण भाग जातो), त्याचा वर्ग केला की ६४ व्या घाताला बाकी १, आणि त्याआधी कुठेच १ येत नाही, म्हणजे बाक्यांचं चक्र बरोबर ६४ चं. आता फर्माचंच एक प्रमेय सांगतं की (प - १) व्या घातालाही बाकी १ च येते, म्हणून प - १ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. अशा मूळ संख्या बघा, १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारात काम फत्ते!

भागाकार न करताही पटवता येतं. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, म्हणून ५ गुणिले २ चा ७ वा घात याची बाकी उणे १, आणि त्याचा चौथा घात केला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, बाकी १. पण ६४१ म्हणजे ६२५ + १६ सुद्धा, तेव्हा ६२५ च्या जागी उणे १६ टाका, १६ आणि २८ वा घात मिळून ३२ वा घात होतो, त्याची बाकी उणे १, त्यात १ मिळवला की शून्य. किती सुंदर आहे हे!

अंकशास्त्रवाले आकड्यांची बेरीज करून नशीब सांगतात, ते मला अजिबात पटत नाही. या संख्येची बेरीज ५९, पण हीच संख्या बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिली तर दोन टोकांना १ आणि मध्ये ३१ शून्यं, बेरीज २. लिहायची पद्धत बदलली की बेरीज बदलते, ६४१ ने जाणारा भाग मात्र बदलत नाही.

फर्माच्या त्या पाचनंतर आजवर एकही नवी मूळ संख्या या यादीत सापडलेली नाही. २ च्या १०४८५७६ व्या घातात १ मिळवून येणारी संख्या तर मूळ नाही हे सिद्ध झालंय, पण तिचा एकही अवयव अजून कोणाच्या हाती लागलेला नाही.